आश्वेच्या लाटेवर उभी राहिलेली पोर : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
गोवा सरकार, पणजी.

सप्रेम नमस्कार.

पेडणे तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत माझी सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यापासून मी रोज आश्वेच्या किनाऱ्यावर फिरायला जाते. तिथं माळा आणि पैंजण विकणारी दहा-अकरा वर्षांची एक लमाणी मुलगी भेटायची. रशियन भाषेत शंभरापर्यंत आकडे तोंडपाठ, अक्षर मात्र एकही ओळखीचं नाही. रात्री आई आणि भावंडांबरोबर बंद दुकानाच्या पायरीवर निजायची. शाळेचं नाव काढलं की माझ्यापासून चार हात लांब पळायची.

एका सकाळी सर्फिंग शिकवणाऱ्या एका मुलानं तिला बोर्डवर चढवलं. पाच वेळा पडली, सहाव्यांदा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधीच ती सुरूच्या झाडाखाली येऊन बसली होती. पुढं महिनाभर रोज सकाळी सातला हजर! मी जन्मभर हजेरी घेतली आहे, महोदय. मूल आपणहून वेळेवर येतं, तेव्हा अर्धं काम झालेलं असतं.

मग त्या मुलाला दुसरीकडे काम मिळालं. तो गेला आणि तिचं येणंही थांबलं.

म्हणून हे पत्र. सर्फिंगच्या ओढीनं अशा मुलांना शाळेपर्यंत आणायचं काम एखाद्याच्या चांगुलपणावर सोडू नका, आपल्या खात्यानं ते हाती घ्यावं.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात 'सर्फर्स नॉट स्ट्रीट चिल्ड्रन' ही संस्था रस्त्यावरच्या मुलांना सर्फिंगच्या ओढीनं जवळ आणते आणि मग त्यांना आधार देते. तिथल्या कार्यकर्त्यांना २०१०च्या फुटबॉल विश्वचषकाआधी या मुलांना गाडीत कोंबून शहराबाहेर नेण्याविरुद्धही लढावं लागलं होतं. आपल्याकडेही किनाऱ्यावर फेरीवाल्यांवर कारवाई होते, तेव्हा पोरं पळतात आणि चार दिवसांनी परत येतात. त्यातून एकही मूल शाळेत गेलेलं मी पाहिलं नाही.

एवढं लांब जायलाही नको. केरळच्या कोवळममधल्या सर्फ क्लबचा नियम साधा आहे : शाळा नाही, तर सर्फिंग नाही. कर्नाटकातून पोटासाठी तिथं आलेल्या कुटुंबातला रमेश बुदिहाळ त्याच किनाऱ्यावर घडला आणि २०२५मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धेत त्यानं कांस्यपदक मिळवलं. आपल्या किनाऱ्यावरची बरीचशी पोरंही कर्नाटकातूनच येतात. मला पदकापेक्षा तो नियम मोलाचा वाटतो.

गोव्यात तो नियम चालवायला एक अडचण आहे, ती सांगते. ही कुटुंबं पावसाळ्यात गावी जातात आणि ऑक्टोबरात सीझनबरोबर परततात. शाळेचं वर्ष त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. पोर दाराशी येईपर्यंत सहामाही उलटलेली असते आणि तिला 'पुढच्या वर्षी या' असं सांगितलं जातं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्ष सुरू झालं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. शिकाऊ मुलांना झेपतील अशा लाटाही पावसाळा सरल्यावरच मिळतात. म्हणजे मूल, लाट आणि कायदा ऑक्टोबरात एकाच जागी असतात. फक्त सरकारचं माणूस तिथं नसतं.

ते माणूस बारा महिने पगारी हवं. जीवरक्षकांच्या नजरेतला किनाऱ्याचा एक पट्टा हवा. मुलींसाठी बाई प्रशिक्षक हवी. आणि मुलांजवळ येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी हवीच, मग तो देशी असो की परदेशी. अनाथाश्रमाच्या आडून मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीटचं प्रकरण पाहिलेल्या गोव्याला हे वेगळं सांगायला नको. आपला २००३चा बाल कायदाही मुलांच्या संरक्षणासाठीच आहे.

अक्षरं शिकवायला मी रोज सकाळी दोन तास येईन, मानधनाशिवाय. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखी दोघीजणी तयार आहेत. आमची पडताळणी आधी करा. कागदपत्रं घेऊन पणजीला कधी यायचं, तेवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मांद्रे