बार्शीच्या छोट्या गाडीची कैफियत

बार्शी, रविवार

प्रिय विज्या,

मामाकडे आलोय. बार्शी लाईटची, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेची, तू आयुष्यभर टिंगल केलीस, म्हणून हे पत्र तुलाच.

एव्हरर्ड कॅल्थ्रॉप हे नाव ऐकलंयस? जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेतला हा इंग्रज इंजिनिअर. बार्शीची कापसाची पेठ तेव्हा भरात होती, पण मोठी लाईन पस्तीसेक किलोमीटरवरून जायची. स्टेशनचं नाव बार्शी रोड, म्हणजे तुमचं कुर्डुवाडी. मधला सगळा माल बैलगाडीने. कॅल्थ्रॉपने या दोहोंमध्ये अडीच फूट अंतराचे रूळ टाकले आणि १८९७ मध्ये गाडी सुरू केली. खरी गंमत आहे वजनाच्या हिशोबात. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), चाकांच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे रूळ हलके चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. लीड्सच्या किटसन कारखान्यातली इंजिनं याच बेताने घडवलेली. जोडलेली आठ चाकं, त्यामागे आणखी चार. पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरात अशीच छोटी लाईन झाली, ती याच माणसाच्या हातची. म्हणजे बार्शीत आधी, विलायतेत नंतर! इकडे बार्शीची लाईनही वाढत गेली: १९०६ ला पंढरपूर, १९११ ला मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं लातूर, १९२७ ला मिरज. वारकऱ्यांनी भरून वाहणारी गाडी तू पाहिली आहेसच.

गिरण्यांकडेही गेलो. जयशंकर मिल पुढे सरकारी झाली आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. फाटकावरचा पहारेकरी आत सोडेना, मग भिंतीकडेने फिरलो. मामा म्हणतो, भोंगा गेल्यापासून गावाला वेळेचं भान नाही. (मामाला तसं ते आधीही नव्हतं.) लोकमान्य मिलचा किस्सा मात्र झकास आहे. नगरपालिकेने गिरण्यांना जागेच्या चौरस फुटांवर सरसकट घरपट्टी लावली. मिल थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६१ मध्ये जिंकली. वकील मंडळी अजून त्या निकालाचा दाखला देतात म्हणे.

एका बाबतीत तुझी टिंगल मला पटते, पण कारण वेगळं. रूळ स्वस्तात पडले, पण कुर्डुवाडीला माप बदलायचं. छोट्या वाघिणीतला माल उतरवायचा आणि मोठीत चढवायचा. वाचलेल्या पैशाचं ओझं हमालांच्या पाठीवर गेलं. कंपनीच्या हिशोबात हे कुठे दिसत असेल? २००८ मध्ये लातूरपर्यंत मोठी लाईन झाली आणि तो खटाटोप संपला. हळहळणाऱ्यांत मीही आहे, पण हमालाला विचारलं असतं तर त्याने पेढे वाटले असते.

तुझे अण्णा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते ना? त्यांना विचार, हमाल कापसाच्या गाठी पाठीवरून न्यायचे की फळ्या टाकून लोटायचे, आणि मजुरी गाठीवर मिळायची की रोजावर. लवकर विचार, आणि ते सांगतील तसंच्या तसं लिहून काढ. तुझी मल्लिनाथी नको.

तुझा,
बाळ्या