अंगात ताप असताना विमान उडवायचं की नाही, हे कर्जाच्या हप्त्यावर सोडू नका

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

मा. मोहोळसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सांबऱ्याचा. बेळगावहून बागलकोट रस्त्याने निघालं की निलजी, मुतगा आणि मग आमचं गाव. गावाला लागूनच विमानतळ. १९४२ साली इंग्रजांच्या हवाई दलाने इथे धावपट्टी केली, पुढे आपल्या हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आली, २०१७ मध्ये नवं टर्मिनल झालं. मी ३१ वर्षं बस चालवली. बेळगाव डेपोतून, बहुतेक पुण्या-मुंबईची रात्रीची शेड्यूल्स. २०१८ ला निवृत्त झालो. माझी थोरली मुलगी वैमानिक आहे.

हे पत्र तुम्हालाच लिहितोय त्याला कारण आहे. तुम्ही मराठी वाचता. सीमाभागात आपल्या भाषेत सरकारला अर्ज केला तर तो वाचला जाईल याची खात्री आम्हाला कधीच नसते. दुसरं असं की करोनाच्या काळात तुम्ही पुण्याचे महापौर होता आणि २०२० च्या जुलैत तुम्हाला स्वतःलाही लागण झाली होती. त्या दिवसांत माणूस घरात बसून कसला हिशोब करत होता, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता मूळ गोष्ट सांगतो. पाच वर्षांत ही मी बाहेर कुणाला सांगितलेली नाही.

एप्रिल २०२१. रात्री साडेनऊला मुलीचा फोन आला. मुंबईला होती, कंपनीच्या हॉटेलात. "बाबा, घसा धरलाय, अंग कणकणतंय. पहाटे दोन सेक्टर आहेत. सिक टाकू का?"

सेक्टर म्हणजे एक उड्डाण, आणि सिक टाकणं म्हणजे आजारी असल्याचं कळवून ड्युटी सोडणं. मी काही डॉक्टर नव्हे. पण घरचा हिशोब आम्ही दोघं मिळून बघायचो, म्हणून तिने मला विचारलं. तिच्या शिक्षणाला ४५ लाख लागले होते. सव्वादोन एकर विकलं, बाकीचं बँकेचं कर्ज, आणि हप्ता तिच्या पगारातून. टाळेबंदीनंतर कंपनीने ठरावीक तासांची हमी काढून घेतली होती. जेवढं उडाल तेवढे पैसे. फेब्रुवारीत पोट बिघडलं म्हणून तिने एकदा सिक टाकलं, तर पुढच्या चार दिवसांच्या ड्युट्या दुसऱ्यांना गेल्या आणि त्या महिन्याचा हप्ता मी माझ्या ग्रॅच्युइटीतून भरला.

मी म्हणालो, "एक क्रोसिन घे आणि एवढी ड्युटी मारून ये. मग बघू."

साहेब, मी आयुष्यभर तेच केलं होतं. ताप अंगावर काढायचा, कानाला टॉवेल गुंडाळायचा आणि गाडी काढायची. कंट्रोलरला "जमणार नाही" म्हणणाऱ्याला आमच्यात कामचुकार म्हणायचे. माझ्या पाठीमागे चाळीस माणसं झोपलेली असायची, आणि तरीही मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती गेली. दोन्ही सेक्टर करून आली. दोन दिवसांनी तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसलेल्या कॅप्टनांचा. मुलगी पंधरा दिवसांत उठली. कॅप्टन मे महिन्यात गेले. कुणाचा कुणाला लागला हे कधीच कळणार नाही. कदाचित दोघांनाही वेगवेगळ्या ठिकाणी लागला असेल. पण त्यानंतर कित्येक महिने त्या फोनबद्दल ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला फार जड गेलं.

बसमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी उघडी असते. कॉकपिटात दोन माणसं हाताच्या अंतरावर बसतात आणि दार बंद असतं. प्रवासी दोन तासांत उतरून जातात. हे दोघं दिवसभरात तीन-चार उड्डाणं एकत्र करतात. तेच खटके, तीच बटणं. मधल्या सीटवरच्या प्रवाशाला तेव्हा अंगभर गाऊन मिळायचा, केबिन क्रूला पीपीई किट होतं. वैमानिकाला तसलं काही घालून काम करता येत नाही. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर ऑक्सिजनचा मास्क एका हाताने पाच सेकंदांत तोंडावर बसला पाहिजे. म्हणून साध्या मास्कचीही तिथे अडचणच. आणखी एक गोष्ट मुलीने मला समजावली, ती मला माहीत नव्हती. वर गेल्यावर विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावर असते तेवढी विरळ असते. बेळगाव अडीच हजार फुटांवर. म्हणजे आजारातून नुकत्या उठलेल्या माणसाला इथल्या तिप्पट उंचीवर नेऊन बसवायचं आणि वर त्याने डोकं शांत ठेवून विमान उतरवायचं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, आजारी पडायच्या आधी, ती सुट्टीवर घरी येत होती. कोगनोळी नाक्यावर अडवली. महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट लागायचा, तिचा काही तासांनी जुना झाला होता. मी निपाणीच्या बाजूला गाडी लावून उभा. नाक्यावरच्या पोलिसाने त्याचं काम चोख केलं, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मुलगी मला फोनवर म्हणाली, "बाबा, परवा मी दीडशे माणसं दिल्लीला नेली. कुणी रिपोर्ट विचारला नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. राज्याची हद्द ओलांडायला रिपोर्ट लागतो आणि कॉकपिटाचं दार ओलांडायला लागत नाही, हे बरोबर होतं का?

आता सरकारने काय केलं, काय राहिलं, तेही बोलतो. अजून जगाला या साथीचं नाव नीट घेता येत नव्हतं तेव्हा, २०२० च्या १ फेब्रुवारीला, एअर इंडियाच्या विमानाने वुहानहून ३२४ माणसं आणली. परदेशात अडकलेल्यांना विमानाने आणायची वंदे भारत मोहीम ७ मे २०२० पासून सुरू झाली. देशातली विमानं २५ मार्च ते २५ मे अशी दोन महिने उभी होती. सांबऱ्याचं आकाश इतकं गप्प मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पण माल नेणारी आणि माणसं आणणारी विमानं तेव्हाही उडत होती. मग लस आली. १२ जानेवारी २०२१ ला पुण्याहून लशीच्या पेट्या विमानांनी देशभर गेल्या. आमच्या टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो माहीत असेल तुम्हाला. एके काळी तिथे देवीची लस तयार व्हायची, आता लोक सकाळी फिरायला जातात. लस वेळेवर पोचण्याची किंमत या गावाला कळते. तर ज्या हातांनी ती विमानं नेली, ते हात पहिल्या यादीत नव्हते. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, २ फेब्रुवारीपासून पोलीस, सफाई कामगार वगैरे. सगळे रास्तच. वैमानिकांनी मात्र आपापल्या वयाची पाळी येईपर्यंत थांबायचं. मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांना "लस द्या, नाहीतर काम थांबवतो" असं म्हणावं लागलं, आणि त्यानंतर तुमच्याच मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून विमान क्षेत्रातल्या लोकांना प्राधान्य द्यायला सांगितलं. माझी मुलगी तोपर्यंत आजारी पडून उठली होती. कॅप्टनांना तर लशीचा उपयोगच उरला नव्हता.

विम्याचं तेच. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा केंद्राने मार्च २०२० मध्येच जाहीर केला, फार चांगलं केलं. वैमानिक त्यात नव्हते. २०२१ मध्ये त्यांच्या संघटनेला मृत वैमानिकांच्या कुटुंबांसाठी भरपाई मागायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. वैमानिक म्हणजे गलेलठ्ठ पगार, त्यांना कशाला सरकारी मदत, असं लोक म्हणतात. माझ्या गावातही म्हणतात. लोकांना पगार दिसतो, त्यातून जाणारा हप्ता दिसत नाही. आणि डॉक्टर आजारातून उठला, थोडा अशक्त राहिला, तरी दवाखान्यात बसू शकतो. वैमानिक वैद्यकीय तपासणीत अनफिट ठरला की त्या दिवसापासून त्याचा धंदाच बंद. दर तपासणीला ही टांगती तलवार असते.

माझी मुख्य मागणी मात्र लशीची किंवा विम्याची नाही. त्या दोन्ही हव्यातच, आणि साथ येईल त्या दिवसापासून हव्यात, चार महिन्यांनी पत्र काढून नव्हे. मुख्य मागणी ही, की आजारी वैमानिकाने "मी आज अनफिट आहे" म्हटलं तर त्याचा एक रुपया कापला जाऊ नये. अनफिट असताना उडायचं नाही ही जबाबदारी नियमाने वैमानिकावरच टाकली आहे. ती बरोबरच आहे, स्टिअरिंगवर बसणाऱ्यालाच आपलं अंग कळतं. पण जबाबदारी त्याची आणि खरं बोलण्याचा खर्चही त्याचाच, असं झालं की माणूस क्रोसिन घेतो. मी घ्यायला लावली. मी वाईट बाप नाही, साहेब. तो हिशोबच मला चुकीचं बोलायला लावणारा होता.

कंपन्याही तेव्हा बुडायच्या बेतात होत्या, हे मान्य. विमानं उभी, तिकिटं नाहीत, भाडं चालू. म्हणून हा बोजा एकट्या कंपनीवर टाका असं मी म्हणत नाही. उडान योजनेसाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून आकार घेतला जातो आणि त्यातून आमच्या सांबऱ्यासारख्या विमानतळांवर विमानं यायला लागली. त्याच पद्धतीचा एक छोटा निधी चांगल्या दिवसांतच साठवा. साथ जाहीर झाली की त्यातून आजारी वैमानिकाचा आणि केबिन क्रूचा पगार चालू राहील, आणि कायमचा अनफिट झालेल्याचं कर्ज फिटेल. १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्याखालच्या नियमांत हे लिहा. साथीत एकच जोडी काही दिवस एकत्र ठेवायची, जोडी बदलताना तपासणी करायची, हेही लिहा.

आत्ता साथ नाही, मग घाई कसली, असं कुणी म्हणेल. डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकांना आठवड्याला ४८ तास विश्रांती आणि रात्रीच्या उतरण्यावर मर्यादा, हे नियम जानेवारी २०२४ मध्ये निघाले, लागू व्हायला २०२५ उजाडलं. आणि हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा, रजेला साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरायचं नाही, ही सूचनाच मागे घेतली गेली. रात्रीच्या नियमांतही एका कंपनीला काही आठवड्यांची सूट मिळाली. विमानतळांवर अडकलेल्या लोकांचे हाल मी टीव्हीवर पाहिले, त्या वेळी दुसरा मार्ग नसेलही. पण अडचणीच्या दिवसात पहिली कात्री विश्रांतीलाच लागते, हे त्यातून कळलं. साथीच्या दिवसात तर गर्दी, नुकसान, घबराट सगळं एकदम असणार. तेव्हा नियम करायला बसलात तर तो वैमानिकाच्या बाजूने होणार नाही.

मुलगी आता कॅप्टन व्हायच्या तयारीत आहे. सिम्युलेटरची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. कॅप्टन झाली की तिच्या शेजारी पंचविशीतला एखादा पोरगा बसेल, कदाचित आमच्यासारखीच जमीन विकून शिकलेला. त्याचा घसा धरलाय असं दिसलं तर ती त्याला "घरी जा" म्हणेल, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तो विचारेल, "मॅडम, पगाराचं काय?"

याचं उत्तर तिच्याकडे नाही. ते तुमच्या खात्याकडून लेखी यायला हवं.

आपला,
एक निवृत्त बसचालक
सांबरा, ता. व जि. बेळगाव