सॅन्ड्रा ओ कोरियाची नव्हे, कॅनडाची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इस्पितळांवर बेतलेल्या परदेशी मालिकांविषयीचा लेख आला होता. लेख मनापासून आवडला, कात्रण काढून मुलीसाठी ठेवलं आहे. त्यातलं एक वाक्य मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'मधली क्रिस्टिना यांग ही तरुण सर्जनची भूमिका 'कोरियन अभिनेत्री सॅन्ड्रा ओ' हिने केली, एवढंच त्यात होतं. पुढचं वाक्य दुसऱ्याच नटाचं.

सॅन्ड्रा ओ कॅनडाची आहे. २० जुलै १९७१ रोजी ऑन्टारिओ प्रांतातल्या नेपियनमध्ये तिचा जन्म झाला. हे गाव आता कॅनडाच्या राजधानीत, ओटावात मोडतं. तिचे आईवडील दक्षिण कोरियातून तिकडे गेले, हे खरं. पण ती वाढली तिथे, नाटक शिकली तिथे, पहिली मोठी कामं आणि पहिले पुरस्कार तिला तिथेच मिळाले. चूक एका ओळीची आहे आणि दुरुस्तीही एका ओळीत होईल, हे मला कळतं. तरी सविस्तर लिहिते आहे, कारण ही बाई तीस वर्षं नेमक्या याच गोष्टीशी झुंजत आली आहे.

मी ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. मुलीची इंटर्नशिप चालू होती तेव्हा ती रात्री जेवताना लॅपटॉपवर ही मालिका लावायची. सुरुवातीला मी नुसत्या चुका काढत बसायचे. ऑपरेशनची केस चालू असताना कुणी अशा प्रेमाच्या गप्पा मारतं का, स्क्रब घेतल्यावर, म्हणजे ऑपरेशनआधी हात घासून धुतल्यावर, हात असा खाली सोडतं का! मुलगी म्हणायची, "आई, गप्प बस ना, बघू दे." मग एक दिवस मीच गप्प झाले, ते क्रिस्टिनामुळे. तोंडावर मास्क, डोक्याला टोपी, दिसतात फक्त डोळे आणि भुवया. तेवढ्यात तिला सगळं दाखवायचं असतं: केस आपल्याला मिळावी ही हाव, सीनियर ओरडल्यावर गिळलेला राग, हाताखाली काहीतरी चुकतंय हे इतरांच्या आधी कळल्याची ती एक थरथर. मी आयुष्यभर मास्कच्या वरचे डोळे वाचत आले. कोणता सर्जन घाबरला आहे ते त्याने आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) मागायच्या आधी आम्हाला कळायचं. या बाईचे डोळे तसे वाचता येतात.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी क्रिस्टिनाचं लग्न आहे. लग्नात म्हणायची वचनं पाठ होत नाहीत म्हणून तिने ती हातावर लिहून घेतलेली असतात. आणि मग सवयीप्रमाणे ती केससाठी हात धुते. साबण लावून, नीट घासून. शाई गेल्यावर तिच्या लक्षात येतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांचं आयुष्य त्या बेसिनमध्ये असंच वाहून गेलेलं मी पाहिलं आहे. पुढे नवरदेव लग्नातून निघून जातो. ती घरी येते, त्याच्या कोणकोणत्या वस्तू जागेवर नाहीत ते एकेक करून सांगते. दाराला लटकवलेली त्याची ऑपरेशनची लकी टोपीसुद्धा गेलेली असते. मग तिला श्वास घेता येईनासा होतो, आणि मैत्रीण कात्रीने तो लग्नाचा पोशाख कापून काढते. त्या रात्री आम्ही दोघी मायलेकी जेवण तसंच टाकून बसलो होतो. ही अभिनेत्री कोण, हे शोधायला मी मुलीला त्या रात्री सांगितलं.

तिची आई बायोकेमिस्ट, वडील व्यवसायातले. भावंडं शिकून मोठी झाली, एक कायद्याकडे तर एक विज्ञानाकडे. सॅन्ड्राला पत्रकारितेच्या अभ्यासासाठी कार्लटन विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळत होती. ती तिने सोडली आणि मॉन्ट्रियलच्या नॅशनल थिएटर स्कूलमध्ये गेली. काही वर्षं प्रयत्न करून बघते, नाही जमलं तर पुन्हा कॉलेजात जाईन, असं तिने घरी कबूल केलं होतं. अशी बोलणी कोणत्या आवाजात होतात ते आपल्याकडच्या आईबापांना सांगायला नको.

१९९३ मध्ये ती तिथून शिकून बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी दोन मोठी कामं आली. एक कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवरचा चित्रपट, घरातून पळून व्हँकूवरच्या रस्त्यावर राहिलेल्या आणि पुढे लेखिका झालेल्या एव्हलिन लाऊच्या डायरीवरचा. दुसरा मीना शूम या दिग्दर्शिकेचा 'डबल हॅपीनेस'. त्यातली जेड ही चिनी वंशाची कॅनेडियन मुलगी. तिला नटी व्हायचं आहे, घरच्यांना तिचं लग्न उरकायचं आहे. ऑडिशनला गेल्यावर ही अस्सल कॅनेडियन इंग्रजी बोलणारी मुलगी आणि समोरच्यांना हवे असतात 'तसले' उच्चार. जेड आधी झकास फ्रेंच ढंगात बोलून दाखवते. समोर कुणी हसत नाही. मग ती त्यांना हवं ते देते. सॅन्ड्रा तेव्हा पंचविशीचीही नव्हती. या भूमिकेसाठी तिला कॅनडाचा मानाचा जिनी पुरस्कार मिळाला, आणि १९९८ च्या 'लास्ट नाइट'साठी दुसरा. जगाच्या अखेरच्या रात्री टोरांटोत घरी पोहोचण्यासाठी धडपडणाऱ्या बाईची ती भूमिका आहे.

म्हणजे कॅनडात ती नायिका होती. अमेरिकेत गेल्यावर कडेला गेली. 'आर्लिस' या मालिकेत सहा वर्षं साहेबाची सहायक, सिनेमांत मैत्रीण, 'द प्रिन्सेस डायरीज'मध्ये शाळेची उपमुख्याध्यापिका. त्या उपमुख्याध्यापिकेचं आडनाव गुप्ता! कोरियन चेहरा काय, गुप्ता आडनाव काय, लिहिणाऱ्यांना फरक पडत नव्हता. त्या दोन मिनिटांच्या कामातही ती लक्षात राहते, ही तिची करामत.

२००५ मध्ये 'ग्रेज' सुरू झाली. तिला आधी त्याच मालिकेतल्या डॉ. बेलीच्या भूमिकेसाठी बोलावलं होतं, क्रिस्टिना तिने स्वतः मागून घेतली. दहा सीझन केले. २००६ मध्ये गोल्डन ग्लोब हा पुरस्कार मिळाला. एमी या अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारासाठी २००५ ते २००९ सलग पाच वर्षं सहायक अभिनेत्री म्हणून नामांकन झालं, मिळाला एकदाही नाही. मला तिचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या पात्राला तिने कधीही गोड केलं नाही म्हणून. क्रिस्टिनाला मूल नको असतं आणि शेवटपर्यंत नकोच असतं. मालिकांमध्ये अशा बाईला शेवटी एक बाळ हातात देऊन शहाणं करून सोडतात. मालिकेच्या कर्त्या शोंडा ऱ्हाइम्स यांनी ते लिहिलं नाही आणि सॅन्ड्राने ते कधी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. २०१४ मध्ये क्रिस्टिना झुरिकला स्वतःचा विभाग सांभाळायला जाते, आणि सॅन्ड्राने मालिका सोडली ती चालती सोडली.

त्यानंतर ती शिकागोत रंगमंचावर उभी राहिली, 'विंडो हॉर्सेस' या कॅनेडियन अ‍ॅनिमेशनपटाला आवाज दिला आणि निर्मितीलाही हातभार लावला. पण तोलामोलाची मालिका यायला चार वर्षं गेली. ती आली तेव्हाची हकिकत तिने स्वतः मुलाखतीत सांगितली आहे. एजंटने 'किलिंग ईव्ह'ची संहिता पाठवली होती. सॅन्ड्रा फोनवर बोलता बोलता ती भराभर खाली सरकवत होती, आपलं पात्र कोणतं ते सापडेना. शेवटी तिने विचारलं, यात माझी भूमिका कुठली? एजंट म्हणाली, अगं, ईव्ह! नावातच जिचं नाव आहे ती नायिका आपण असू शकतो, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. दोन जिनी आणि एक गोल्डन ग्लोब घरात असलेल्या बाईच्या. इतकी वर्षं लोक जे म्हणत आले ते आपल्याही आत जाऊन बसलं, असं तिला तेव्हा कळलं. ही हकिकत मी मुलीला तीनदा तरी सांगितली असेल.

संपादक महोदय, 'कोरियन अभिनेत्री' हे दोन शब्द मला इथे टोचतात. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कॅनडातल्या मिसिसागात जन्मली. मराठी खणखणीत बोलते, पुरणपोळी आमच्यापेक्षा मऊ करते. 'तू कुठली?' असं विचारल्यावर ती मिसिसागा म्हणते, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, 'ते झालं, पण मूळची कुठली?' त्या दुसऱ्या प्रश्नाला तिचा चेहरा कसा उतरतो ते मी पाहिलं आहे. आणि ती सुट्टीत मिरजेला आली की आमच्याच गल्लीत तिची ओळख 'फॉरेनची मुलगी' अशी करून देतात.

सॅन्ड्राने कोरियन असणं कधी झाकून ठेवलेलं नाही. २०१८ च्या एमी सोहळ्यात ड्रामा मालिकेतल्या मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळवणारी आशियाई वंशाची ती पहिलीच, आणि तिची आई त्या दिवशी हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून तिच्यासोबत आली होती. जानेवारी २०१९ मध्ये तिने गोल्डन ग्लोबचं सूत्रसंचालन केलं आणि त्याच रात्री 'किलिंग ईव्ह'साठी पुरस्कारही घेतला. मंचावरून आईवडिलांना कोरियनमध्ये म्हणाली, तुमच्यावर माझं प्रेम आहे. २०२१ च्या 'द चेअर'मध्ये ती इंग्रजीची विभागप्रमुख आहे, आणि तिचे वडील घरात कोरियन बोलतात. हे सगळं तिचंच आहे. पण ते ती सांगते तेव्हा तिचं. आपण तिच्या नावामागे देश लावताना तो तिचाच लावायला हवा.

कॅनडाने तिला २०२२ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा हा मोठा नागरी सन्मान दिला. त्याच सप्टेंबरात राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये, कॅनडाच्या शिष्टमंडळात ती होती. हा सन्मान मिळालेल्या दोन देशबांधवांबरोबर ती काळ्या पोशाखात चालत गेली.

तरी येत्या पुरवणीत 'कोरियन'च्या जागी 'कॅनेडियन' अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि जागा असेल तर सोबत तो अ‍ॅबीमधला फोटो द्यावा. माझ्या भाचीला मी ते पान पाठवणार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, मिरज