काजूच्या चिकाचे फोड, नागीण आणि आपल्या टी पेशी

संपादक साहेब, नमस्कार.

फेब्रुवारीपासून आपल्या पेपरात आंब्याच्या पहिल्या पेटीच्या, काजू बीच्या दराच्या बातम्या येतात, त्या आम्ही आवडीने वाचतो, पण त्याच दिवसांत वाडीवाडीत बायकांच्या बोटांना, मनगटाला, कधी तोंडावरसुद्धा पाणी भरलेले फोड येतात त्याबद्दल एक ओळ कुठे छापून येत नाही म्हणून हे पत्र. ओले काजूगर सोलणाऱ्या बायका, बी भाजणारे, कलमावर चढणारे गडी, सगळ्यांना हा त्रास माहितीय. कारण मात्र दरवर्षी भलतंच सांगतात. कोण म्हणतं उष्णता भायर पडली, कोण म्हणतं सुंगटा (कोळंबी) खाल्लंस म्हणान झाला, आणि फोड जरा ओळीत दिसले की नागीण समजून गेरू लावतात.

खरं कारण काजू-आंब्याचा चीक, पण घोळ होतो तो वेळेमुळे. सुंगटांची खरी ॲलर्जी असेल तर खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, कारण तिथे रक्तात आधीच तयार असलेल्या अँटिबॉडीज कामाला लागतात. चिकाचं तसं नाही. चीक लागल्या लागल्या जी आग होते आणि कातडी काळी पडते ते भाजणं, ते कोणालाही होतं. पण दोन दिवसांनी जी खाज सुटते आणि फोड उठतात ती ॲलर्जी, आणि ती टी पेशींची असते. दोन दिवसांत माणूस चीक विसरलेला असतो आणि काल रात्री काय खाल्लं तेवढं आठवतं, म्हणून दोष जातो माशाला.

टी पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, हाडांच्या मगजात जन्मतात आणि छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते तिथे तयार होतात. ही ग्रंथी बिनकामाची असंच डॉक्टर लोक समजायचे, १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी उंदरांवर प्रयोग करून तिचं काम दाखवलं. आता काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याच्या देठाचा चीक आणि बिब्बा, ही झाडं एकाच कुळातली आणि त्यांच्यातली रसायनंही मिळतीजुळती. हे रसायन कातडीतल्या प्रोटीनला चिकटतं, कातडीतल्या काही पेशी ते उचलून बगलेतल्या गाठींमध्ये नेतात, तिथे त्याला ओळखणाऱ्या टी पेशी वाढायला लागतात, ह्याला आठवडा-दोन आठवडे जातात आणि तोपर्यंत अंगावर बहुतेक काहीच दिसत नाही. नंतर पुन्हा चीक लागला की ह्याच पेशी एक ते तीन दिवसांत तिथे जमतात आणि फोड येतात. म्हणून "इतकी वर्षं सोलतंय, कधी काय झाला नाय" ह्या बोलण्याला काही अर्थ नाही, ओळख कुठल्याही वर्षी पटू शकते आणि एकदा पटली की सहसा जात नाही. टीबीसाठी हातावर मांटू टेस्ट करतात ती ४८ ते ७२ तासांनी बघायला बोलावतात ते ह्याच कारणाने, टी पेशींना जमायला तेवढा वेळ लागतो.

नागीण बरोबर उलटी. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू नसांमध्ये दडून राहतो आणि टी पेशी त्याला दाबून ठेवतात. वय झालं, डायबेटिस असला, एचआयव्हीने टी पेशी कमी झाल्या की तो वर येतो, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड, आणि आधी दोन-चार दिवस तिथे ठणका. म्हणजे एकीकडे टी पेशी जास्त खवळल्या म्हणून फोड आणि दुसरीकडे कमी पडल्या म्हणून फोड! नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा फायदा, तो वेळ आपल्याकडे मंत्र आणि गेरूत जातो ह्याचं फार वाईट वाटतं.

आणि मेडिकलमधून कोणालाही न विचारता आणलेली स्टिरॉइडची क्रीम आणि गोळ्या हा वेगळाच धोका. स्टिरॉइड टी पेशींना दाबतं, त्यामुळे चिकाच्या फोडांना आराम पडतो हे खरं, पण तीच ट्यूब पावसाळ्यात गजकर्णाला लावली की खाज थांबते आणि बुरशी आत पसरत जाते. गोळ्या तर आठवडेच्या आठवडे घेतल्या आणि अंगात टीबी झोपलेला असला तर तो जागा होऊ शकतो, कारण त्याला कोंडून ठेवणाऱ्या ह्याच पेशी. किती आणि किती दिवस हे डॉक्टरनेच ठरवायला हवं.

२०२५ चं मेडिसिनचं नोबेल ब्रंकोव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं ते इतर पेशींना आवर घालणाऱ्या टी पेशींच्या शोधाबद्दल. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने पेशंटच्याच टी पेशी बदलून रक्ताच्या कॅन्सरवर उपचार तयार केला, २०२४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला. एवढं सगळं मुंबईपर्यंत आलंय, आणि इथे फोड आलेल्या बाईला पंगतीत वाढायला देत नाहीत, संसर्ग होईल म्हणून. चिकाच्या फोडातल्या पाण्याने कोणाला काही होत नाही. नागिणीच्या पाण्याने मात्र कांजिण्या न झालेल्या पोराला कांजिण्या होऊ शकतात, तिथे जपायला हवं.

तर विनंती एवढीच की सीझन सुरू व्हायच्या आधी, जानेवारीतच, आपल्या पेपरात एखाद्या त्वचारोग तज्ज्ञाकडून यावर साध्या भाषेत लेख लिहून घ्या. काजू घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी सोलणाऱ्या बायकांना जाड हातमोजे आणि साबण द्यावा, पातळ रबरी मोज्यांतून हे तेल आत झिरपतं. हाताला राख किंवा खोबरेल लावतात ते ठीक, पण चीक लागला की लगेच साबणाने धुवायला पाहिजे, घरी जाऊन संध्याकाळी नाही. आंबा झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट काढला की चीक कमी उडतो आणि फळालाही डाग पडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी मार्च ते मे दारात एक बोर्ड लावावा, चिकाचे फोड कसे दिसतात आणि नागीण कशी दिसते, दोन्ही फोटो बाजूबाजूला.

आपली एक वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग