मुक्ताच्या हॅलोविनसाठी थोडी भयाण नाणी

म्युनिक,
१२ ऑक्टोबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

गणपती, दांडिया, ख्रिसमस सगळं झालं, आता तुमच्या सोसायटीत हॅलोविनसुद्धा आलं म्हणायचं! वर्गणी किती काढली ते मात्र तू लिहिलं नाहीस. मुक्ताला भोपळे आणि वटवाघळं नकोत, ‘काकाच्या जुन्या नाण्यांतली भुतं’ हवीत, हे वाचून पोरगी कोणाच्या वळणावर गेली ते कळलं. फोनवर सांगितलं तर निम्मं तू विसरशील आणि उरलेलं तिला उलटंसुलटं सांगशील, म्हणून बैजवार लिहितोय. पत्र तिलाच वाचायला दे.

पहिला मान ग्रीक पुराणकथेतल्या मेडुसेचा. डोक्यावर केसांऐवजी साप, आणि तिच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड. पर्सियस नावाच्या वीरानं तिचं मुंडकं उडवलं आणि पुढे ते अथीना देवीच्या कवचावर जाऊन बसलं, एवढी गोष्ट मुक्ताला ठाऊक असेलच. ग्रीकांनी हे मुंडकं नाण्यांवर गावोगाव वापरलं. अथेन्सच्या नाण्यांवर त्यांचं प्रसिद्ध घुबड येण्याआधी खुद्द तिथल्या काही नाण्यांवर ते होतं. पण माझ्या मते सगळ्यात भयंकर नेआपोलिसचं, म्हणजे उत्तर ग्रीसमधल्या आजच्या कावाला गावचं. इ.स.पू. ५०० च्या आसपासचं चांदीचं नाणं, नऊ-दहा ग्रॅमचं, जाडजूड. अख्ख्या चकतीवर फक्त चेहरा. डोळे बटबटीत, नाक फेंदारलेलं, दात विचकलेले आणि जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर. मागच्या बाजूला चित्रच नाही. चांदीची चकती ठशावर ठेवून वरून पंच, म्हणजे धातूचा दांडा, ठोकायचे; त्याचा चार खणांचा खळगा तेवढा उमटलेला असतो. म्हणजे नाणं पालथं केलं तरी सुटका व्हायला दुसरं काही बघायला मिळत नाही.

माझ्याकडे नेआपोलिसचं नाही, ते आपल्या खिशाला झेपणारंही नाही. माझं आहे पारिऑनचं, इ.स.पू. चौथ्या शतकातलं. हे गाव मार्माराच्या समुद्रकाठी, आजच्या तुर्कस्तानात. नाणं बोटाच्या पेरावर मावेल एवढं, जेमतेम अडीच ग्रॅमचं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर गोल चेहऱ्याची एखादी आजी वाटते. भिंग लावून दिवा एका बाजूनं धरला की खरी गंमत सुरू होते. नाक सगळ्यात वर उठलेलं असल्यामुळे वापरून वापरून गुळगुळीत झालंय, पण डोळ्यांच्या खाचा अजून खोल आहेत. डावीकडचे साप वेटोळ्यांसकट शाबूत आहेत. उजवीकडचे निम्मे गायब, कारण ठसा मारताना चकती जरा सरकली आणि ते चांदीच्या बाहेर पडले. जीभ म्हणजे केसाएवढी उंच रेघ; सावली पडली तरच दिसते. दुसऱ्या बाजूला एक बैल आहे, त्याच्या वर-खाली गावाच्या नावाची अक्षरं. बैल मान वळवून मागे बघतोय. पाठीला पाठ लावून कोण बसलंय ते त्याला बरोबर माहीत असावं.

आता मुक्ता विचारणारच, की पैशावर असलं थोबाड कशाला? तर ते धन्याला भिववायला नव्हतंच. वाईटावर टपलेल्याला भिववायला होतं. हाच चेहरा ग्रीक लोक ढालीवर लावत, देवळाच्या छपरावर बसवत, भट्टीवरसुद्धा काढत. दारू प्यायच्या पसरट वाडग्यांत तर तो तळाला रंगवलेला असे. घोट घोट घेत वाडगा रिकामा केला की खालून ही बया जीभ काढून वर बघतेय! पिणाऱ्यांना हसू येत असणार, आणि एखाद्याची थोडी उतरतही असेल.

काळ जाईल तशी मेडुसा मात्र देखणी होत गेली. नाक सरळ झालं, जीभ आत गेली, साप केसांच्या बटांत मिसळले, आणि शेवटी तर दुःखी चेहऱ्याची सुंदर बाई उरली. कलेच्या पुस्तकांत याला प्रगती म्हणतात. मला नाही पटत. राखणदाराला कोणी देखणा करतं का? त्यामुळे मुक्ताला माझा सल्ला एकच: जितकं जुनं नाणं, तितकं भूत खरं.

ग्रीकांची खऱ्या भुताखेतांची देवी म्हणजे हेकाते. तिचा मुक्काम तिठ्यावर, आणि महिना सरताना चंद्र नसलेल्या रात्री तिथेच तिच्यासाठी जेवण ठेवायचं. कोकणातल्या तुझ्या आत्याला हे सांगितलंस तर ती म्हणेल, त्यात नवल काय? ही हेकाते पार बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानापर्यंत पोचली. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा तिथला ग्रीक राजा अगाथोक्लीस. त्याच्या चांदीच्या नाण्यावर ग्रीकांचा देवराजा झ्यूस उभा आहे आणि झ्यूसच्या हातावर छोटीशी हेकाते, तिच्या दोन्ही हातांत मशाली. ह्याच राजानं दुसऱ्या एका नाण्यावर आपले बलराम आणि वासुदेव काढलेत, ग्रीक आणि ब्राह्मी अशा दोन लिप्या वापरून. ती नाणी १९७० साली फ्रेंचांना तिथल्याच ऐ-खानुम या जुन्या ग्रीक शहराच्या उत्खननात सापडली. ग्राहकाप्रमाणे देव काढणारा राजा, दुसरं काय!

हॅलोविनचं मूळ युरोपातल्या जुन्या केल्टिक लोकांच्या सणात सांगतात, म्हणून त्यांचंही एक नाणं हवं. फ्रान्समधल्या आजच्या ब्रिटनी भागात, तेव्हाच्या आर्मोरिकात, काही जमातींच्या नाण्यांवर मोठं डोकं आहे आणि त्याच्याभोवती मण्यांच्या दोऱ्यांना टांगलेली चिमुकली मुंडकी. बाकीच्यांचं मला काही वाटत नाही, पण हे नाणं रात्री बघायला मला आवडत नाही. कारण यात गोष्ट नाही, चालरीत आहे. मारलेल्या शत्रूंची मुंडकी हे लोक घोड्याच्या गळ्यात अडकवून घरी आणत आणि दारावर खिळ्यांनी ठोकत, मातब्बर शत्रूचं तर देवदाराच्या तेलात जपून ठेवून पाहुण्यांना दाखवत, असं ग्रीक लेखकांनीच लिहून ठेवलंय. हे मुक्ताला सांगायचं की नाही ते तू ठरव.

काळ्या समुद्राकाठच्या इस्त्रोसचं नाणंही शोधून बघ. शेजारी शेजारी दोन तरुण चेहरे, त्यातला एक सरळ आणि एक उलटा. नाणं फिरवलं की उलटा सरळ होतो आणि सरळ उलटा. कोणी म्हणतं उगवता आणि मावळता सूर्य, कोणी म्हणतं जुळे देव, कोणी म्हणतं डॅन्यूब नदीची दोन मुखं. फार वेळ बघू नये एवढं मी सांगेन.

शेवटचं नाणं रोमचं आणि माझं सर्वांत लाडकं, कारण त्यात खराखुरा मुखवटा आहे. इ.स.पू. ४७ मध्ये ल्युसियस प्लाउटियस प्लांकस नावाच्या टांकसाळ अधिकाऱ्यानं हे देनारियस नावाचं चांदीचं नाणं पाडलं. एका बाजूला समोर बघणारा मेडुसेचा मुखवटा, केस विस्कटलेले. दुसऱ्या बाजूला उषादेवी चार घोडे घेऊन निघालेली. या दोघींचा एकमेकींशी काय संबंध? तर त्याच्या घराण्यातली जुनी गोष्ट. इ.स.पू. ३१२ च्या सुमारास रोममध्ये गायस प्लाउटियस सेन्सॉर, म्हणजे शिरगणती आणि लोकांची वागणूक बघणारा बडा अधिकारी, होता. त्याच वेळी सरकारी बासरीवाल्यांची देवळातली जेवणावळ बंद झाली. कलाकारच ते, रुसले आणि सगळेच्या सगळे तिबुरला, म्हणजे आजच्या तिवोलीला निघून गेले. इकडे बासरीशिवाय यज्ञ होईना, अंत्ययात्राही सुन्या. तिबुरच्या लोकांनी मग शक्कल लढवली. मंडळींना मनसोक्त पाजली, झिंगल्यावर गाड्यांत भरलं आणि रातोरात रोमला रवाना केलं. ओव्हिड हा कवी सांगतो, की त्यांना कोणी ओळखू नये म्हणून प्लाउटियसनं त्यांना मुखवटे चढवले आणि लांब पायघोळ कपडे घालायला लावले. उजाडलं तेव्हा गाड्या भर चौकात उभ्या! पुढे वर्षातून तीन दिवस गावभर नटूनथटून हिंडायची त्यांना मुभा मिळाली. नाण्यावरचा मुखवटा त्या रात्रीचा आणि उषा त्या पहाटेची, असा अर्थ लावतात. या नाण्याच्या चारशे-साडेचारशे वर्षं आधी दगड करून टाकणारी बाई इथे बासरीवाल्यांच्या तोंडावर चढली बघ.

तेव्हा मुक्ताला सांग, नेआपोलिसचं चित्र चांगलं दोन फुटी छापून घे आणि सोसायटीच्या दारावर लाव. प्लांकसचं पुठ्ठ्यावर चिकटवून डोळ्यांना भोकं पाडली की आयता मुखवटा. बक्षीस म्हणून खरं नाणं द्यायचा विचार मात्र करू नकोस. पारिऑन, इस्त्रोस आणि काळ्या समुद्राकडच्या नाण्यांच्या नकला बाजारात रग्गड आहेत, आणि त्या ओळखताना भल्याभल्यांची आपसांत जुंपलेली आहे. चॉकलेटची सोनेरी नाणी वाट, पोरं खूश.

दिवाळी अंक घेतलेस की मला दोन तरी पाठव, आणि वहिनींच्या हातची भाजणी विसरू नकोस. गेल्या खेपेला चकल्या पाठवल्यास त्यांचा वाटेत भुगा झाला होता, या वेळी नुसतं पीठच धाड. आईंना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
संजू