कॅम्परमध्ये आधी फ्यूज, मग पडदे

महोदय,

कॅम्पर व्हॅन (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) सजवताना दिव्यांच्या माळा आधी येतात, सोयीच्या वस्तू राहून जातात. १२ व्होल्टचा ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण ४५ वॅट घेतो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॅट-तास लागतात. १०० अँपिअर-तासांची, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे १२०० वॅट-तासांची, लिथियम बॅटरी दोन दिवस पुरते. तेवढीच लेड-ॲसिड एकच दिवस, कारण निम्म्याखाली उतरवत राहिलं की ती लवकर मरते. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात आणि वायरच्या क्षमतेनुसार हवा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळालेला गॅस तळाशी साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावा. छताजवळचा उशिरा वाजतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, झोपण्याच्या उंचीवर.

गादीखाली सलग प्लायवूड असेल तर कोकणातल्या दमट हवेत बुरशी ठरलेली. फटी ठेवून ठोकलेल्या लाकडी पट्ट्या बसवाव्यात. जड डबे खाली, चाकांच्या आसाजवळ. कपाटांना दाबून उघडणाऱ्या कड्याच घ्या. नुसत्या चुंबकावरची दारं घाटाच्या वळणावर उघडतात.

– एक वाचक, पुणे