‘चिमुकल्यांसाठी खास’ म्हणून विकलेल्या हाँगकाँग डिस्नेलँड सहलीबाबत तक्रार

नाशिक
दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग (परदेश सहली)

विषय : मे २०२५ मधील हाँगकाँग कौटुंबिक सहल – जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळणे, जादा वसुली व टीसीएस (सहलीच्या रकमेवर कंपनीने वसूल केलेला आयकर) प्रमाणपत्र न मिळणे

महोदय / महोदया,

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या हाँगकाँग सहलीला मी, माझे पती, सहा वर्षांचा मुलगा, पावणेतीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे आम्ही पाच जण आलो होतो. आमच्या घरातली ही पहिलीच परदेशवारी. सहलीहून आल्यावर आपल्या ग्राहक सेवेला मी ईमेल केला होता. त्यावर आलेले उत्तर ठरावीक साच्याचे आहे आणि माझ्या एकाही मुद्द्याला हात घालत नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही आपली सहल निवडली ती आपल्या माहितीपत्रकावरच्या ‘सात वर्षांखालील चिमुकल्यांसाठी खास आखलेली’ या ओळीमुळे. त्याखालीच ‘मुलांच्या कलाने, निवांत’ असेही छापले आहे. स्वतंत्रपणे, स्वस्तात जाण्याचे पर्याय आमच्यापुढे होते. पण लहान मुले आणि वयस्कर माणूस बरोबर, देश अनोळखी, भाषा वेगळी, तेव्हा जाणकाराच्या हाती सगळे सोपवावे असे घरात ठरले आणि त्यासाठी आम्ही जास्त पैसे मोजले. ज्या जाणकारीसाठी मोजले, तीच मिळाली नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

बुकिंगच्या वेळी दिलेल्या कार्यक्रमात पहिला दिवस ‘आगमन आणि विश्रांती’ आणि दुसरा पूर्ण दिवस डिस्नेलँड असा होता. निघायच्या आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर नवीन पीडीएफ आली आणि तिच्यात डिस्नेलँड पहिल्याच दिवशी, विमानतळावरून थेट. कारण विचारल्यावर ‘कोचची उपलब्धता’ असे सांगण्यात आले. डिस्नेलँड लँटाऊ बेटावर आहे, विमानतळ त्या बेटाला लागूनच आहे आणि आपले हॉटेल दूर, शहरात काउलूनला होते. विमानतळावरून गट परस्पर पार्कात नेला की कोचची एक फेरी वाचते, हे नकाशा पाहणाऱ्या कुणालाही समजेल. ही बचत आपली झाली आणि तिची किंमत मुलांनी मोजली.

मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतरचे. हाँगकाँग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे रात्र तेवढी आखूड. शनिवारी, ३ मे रोजी, रात्रभर धड न झोपलेली मुले सकाळी उतरली, विमानतळाच्या स्वच्छतागृहात त्यांचे कपडे बदलले आणि बस थेट पार्काच्या दारात. आमची बाबागाडी बसच्या पोटात, सगळ्यांच्या बॅगांखाली. ती काढून द्या म्हटले, तर ‘आता सामान हलवता येणार नाही’. आत जाऊन आम्ही भाड्याची बाबागाडी घेतली. दुपारपर्यंत मुलगी तिच्यात गाढ झोपली होती आणि जिच्यासाठी एवढ्या लांब आलो, ते सगळे तिच्या आजूबाजूने निघून जात होते. सासूबाईंचे पाय सुजले होते. त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, म्हणून मी इथे त्यांच्या वतीने लिहिते आहे.

आणि तारीख! १ ते ५ मे चीनमध्ये कामगार दिनाची मोठी सुट्टी असते. त्या दिवसांत मुख्य भूमीवरून लोक मोठ्या संख्येने हाँगकाँगला येतात. यंदा सोमवारी, ५ मे रोजी, बुद्धजयंतीची सुट्टी असल्याने हाँगकाँगकरांनाही तो लांबलचक शनिवार-रविवार होता. त्या काळातला शनिवार आपण मुलांच्या डिस्नेलँडसाठी निवडला. महाराष्ट्रातल्या शाळांना अख्खा मे महिना सुट्टी असते. आम्ही तिसऱ्या आठवड्यात आनंदाने आलो असतो, बुकिंग करताना तसे विचारलेही होते. ‘पहिला आठवडाच उत्तम’ असे आपल्या नाशिक शाखेतून सांगण्यात आले. गर्दीबद्दल चकार शब्द नाही.

आता उंचीबद्दल. हा मुद्दा आपल्या उत्तरात ‘पार्कचे नियम आमच्या हातात नसतात’ असा एका वाक्यात उडवला आहे. नियम पार्कचे आहेत आणि ते योग्य आहेत, माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण ते गुपित नाहीत. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडपुढे लिहिलेले आहेत. माझा मुलगा १०८ सेंटिमीटर आहे. आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर जी खाणगाडी आहे, त्या बिग ग्रिझली माउंटनला किमान ११२ सेंटिमीटर लागतात. आरसी रेसरला १२०. निघण्यापूर्वी कितीतरी दिवस तो मुखपृष्ठावरच्या त्या गाडीवर बोट ठेवून ‘मी पुढच्या डब्यात बसणार’ म्हणत होता. मापाच्या पट्टीखाली उभा राहिल्यावर तिथल्या कर्मचारी मुलीने फार मायेने नकार दिला, गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलली. तो रडला, आणि नंतर बराच वेळ कुठल्याच रांगेत उभा राहायला तयार होईना.

याच पार्कात आयर्न मॅन एक्स्पिरिअन्स आहे, हायपरस्पेस माउंटन आहे. दोन्हींना १०२ सेंटिमीटर पुरतात. ‘फ्रोझन’ चित्रपटावर बेतलेल्या वर्ल्ड ऑफ फ्रोझन या भागातल्या घसरगाडीला ९५. म्हणजे त्याच्या उंचीला चालणारे भरपूर होते. मुलीला तर डंबो, सिंड्रेलाचे कॅरोसेल, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, मिस्टिक मॅनर, सगळे मोकळे होते. धाकट्याला एका पालकाने सांभाळायचे, दुसऱ्याने मोठ्याला घेऊन राइड करायची आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल करायची, अशी रायडर स्विचची सोयही तिथे आहे. बाळांना दूध पाजायला, लंगोट बदलायला वेगळी खोली आहे. यातले काहीही आपल्या टूर मॅनेजरला माहीत नव्हते. बहुतेक गोष्टी आम्हाला पार्कच्या कर्मचाऱ्यांनी खुणांनी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितल्या, काही मी घरी परतल्यावर वाचल्या. टूर मॅनेजर स्वभावाने चांगला मुलगा होता, धावपळ करत होता. मोठ्या गटाला एकटा माणूस देऊन पाठवण्याचा निर्णय त्याचा नव्हता, त्यामुळे या पत्रावरून त्याच्यावर कारवाई करू नये ही विनंती.

जेवणाचे कूपन एका ठरावीक उपाहारगृहात, एक ते दोन याच वेळेत चालणारे. त्यासाठी मुलांना रांगेतून काढून पार्क ओलांडून न्यावे लागले. परतेपर्यंत फ्रोझनच्या होडीसाठी दीड तासाहून जास्त प्रतीक्षा लिहिलेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला हा भाग म्हणजे आपल्या जाहिरातीचा अर्धा मजकूर, ‘तुमची लेक भेटणार एल्साच्या गावाला’. लेकीने ते गाव बाहेरून पाहिले, कारण पावणेसहाला बसपाशी हजर राहायचे होते.

बस सहाला निघाली. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रात्रीची नयनरम्य आतषबाजी’ ठळक अक्षरांत आहे. किल्ल्यावरचा मोमेंटस हा खेळ अंधार पडल्यावर होतो, पार्क बंद व्हायच्या सुमारास. सहाच्या बसने जाणाऱ्याला तो दिसणे शक्यच नाही, आणि हे वेळापत्रक बनवणाऱ्याला माहीत असणारच. आम्ही थांबतो, मेट्रोने येतो, असे माझ्या पतींनी सांगून पाहिले. पार्कच्या दाराशीच डिस्नेलँड रिसॉर्टचे स्टेशन आहे, तिथून सनी बे आणि पुढे शहरात जाता येते. ‘गट सोडता येणार नाही, मग पुढची जबाबदारी आमची नाही’ असे उत्तर मिळाले. परक्या देशात, झोपाळू मुले आणि थकलेल्या आईला घेऊन या वाक्यापुढे कुणीही बसमध्येच बसेल.

पैशांचे मुद्दे थोडक्यात मांडते, कारण त्यांत वादाला जागा नाही.

हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे, बालक तिकीट ३ ते ११ वर्षांसाठी असते. माझ्या मुलीला सहलीच्या दिवशी तीन वर्षे पूर्ण नव्हती. तरी आपल्या खर्चाच्या तपशिलात ‘डिस्नेलँड प्रवेश – बालक’ तिच्याही नावावर ₹६,२०० आहेत. झाले काय असावे हे मला दिसते : दोन वर्षांवरील मुलाला विमानात स्वतंत्र आसन घ्यावे लागते, म्हणून आपल्या यंत्रणेत दोनच्या वरचे प्रत्येक मूल ‘चाइल्ड विदाउट बेड’ (हॉटेलात वेगळा पलंग न घेणारे मूल) होते आणि त्याच खान्यात पार्कचे तिकीटही लागते. विमानाच्या आसनाचे पैसे आम्ही विनातक्रार दिले. पार्कात तिचे तिकीट कुणी मागितलेही नाही. तिच्या पासपोर्टची प्रत फेब्रुवारीपासून आपल्याकडे होती, जन्मतारखेसकट.

दुसरे, ‘हाँगकाँग व्हिसा शुल्क’ म्हणून माणशी ₹२,५००, पाच जणांचे ₹१२,५००. भारतीय पासपोर्टधारकांना चौदा दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी तिथे व्हिसा लागत नाही, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ही पद्धत जानेवारी २०१७ पासून आहे आणि तिथले सरकार त्यासाठी एक पैसाही घेत नाही. फॉर्म भरून देण्याचे सेवाशुल्क म्हणून आपण वाजवी रक्कम मागितली असती तर मी दिली असती. जो व्हिसाच नाही त्याचे ‘शुल्क’ सरकारी वाटेल अशा नावाखाली घेणे मला मान्य नाही.

तिसरे, टीसीएस. सहलीच्या ₹४,४८,००० रकमेवर ५ टक्के दराने ₹२२,४०० आपण माझ्या पॅनवर आयकर कायद्याच्या कलम २०६सी (१जी) खाली वसूल केले. सगळी रक्कम आम्ही फेब्रुवारी आणि मार्चमध्ये भरली होती. त्या तिमाहीचे टीसीएस प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २७डी, ३० मेपर्यंत मिळायला हवा होता. ते आलेले नाही आणि आयकर खात्याकडच्या माझ्या करनोंदीच्या उताऱ्यात, २६एएसमध्येही, नोंद दिसत नाही. ही रक्कम माझी आहे, आयकर विवरणपत्र भरताना मला तिची वजावट घ्यायची आहे. शाखेत विचारले तर ‘सीए बघतात’ एवढेच उत्तर मिळते.

आपल्या ईमेलमध्ये अटी-शर्तींचा हवाला आहे : ‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव’. वादळाचा इशारा लागला असता, विमान रद्द झाले असते, पार्क बंद असता, तर आम्ही समजून घेतले असते. यातले काहीही झाले नाही. विमान वेळेवर होते, हवा दमट पण स्वच्छ होती, पार्क सुरू होता. स्वतःच्या सोयीसाठी केलेला बदल त्या अटीखाली झाकता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांच्या व्याख्या स्पष्ट आहेत, आपल्या विधी विभागाने त्या पुन्हा पाहाव्यात. पुढच्या सहलीवर ₹५,००० ची सूट देण्याचा आपला प्रस्ताव मी नाकारत आहे.

माझी मागणी अशी आहे की मुलीच्या प्रवेशाचे ₹६,२०० आणि ‘व्हिसा’ म्हणून घेतलेले ₹१२,५०० पूर्ण परत करावेत, आणि ठरल्याप्रमाणे पूर्ण दिवस व रात्रीचा खेळ न दाखवल्याबद्दल बाकी चौघांच्या डिस्नेलँड प्रवेशाची निम्मी रक्कम द्यावी. फॉर्म २७डी ताबडतोब पाठवावा. आणि ही जाहिरात बदलावी. ‘चिमुकल्यांसाठी’ असे छापायचे असेल, तर बुकिंगच्या फॉर्मवर मुलांची उंची विचारा, कोणत्या राइडला किती लागते ते पालकांना निघण्यापूर्वी कळवा, उतरल्याच्या दिवशी पार्क ठेवू नका आणि थांबू इच्छिणाऱ्यांना रात्री परतायची सोय द्या. यातल्या कशालाही फार खर्च येत नाही. आमच्यासारखी कुटुंबे वर्षानुवर्षे पैसे बाजूला ठेवून एकदा अशी सहल करतात. मुलगा पुन्हा सहा वर्षांचा होणार नाही, आणि मला नाही वाटत सासूबाई पुन्हा एवढ्या लांबच्या विमानात बसतील.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. आपल्या अटींमध्ये ‘वाद फक्त मुंबईत’ असे असले, तरी तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा ग्राहक संरक्षण कायदाच देतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

मूळ व बदललेला कार्यक्रम, खर्चाचा तपशील, पावत्या, माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ आणि मुलीच्या पासपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. कृपया फोन करू नये, उत्तर बुकिंगच्या वेळी दिलेल्या ईमेलवरच पाठवावे.

आपली विश्वासू,
(सही)